६१७४ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

प्राथमिक शाळेत मूल बेरजेच्या मागोमाग वजाबाकी शिकते. हातचा घ्यायला जमू लागले, की वजाबाकीचा पाठ संपला असे सारेच समजतात. पुढे तिच्याकडे कोणी कुतूहलाने वळून पाहत नाही. या साध्या वजाबाकीकडे एका शाळामास्तरांनी मात्र वयाच्या चाळिशीतही नवलाने पाहिले आणि तिच्यातून चार अंकांची एक संख्या जगाच्या हाती ठेवली. ती संख्या ६१७४. मास्तरांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आणि त्यांचे कार्यक्षेत्र नाशिकजवळचे देवळाली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले आणि वडिलांनीच त्यांना वाढविले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे अंश, कला, घटका, पळे यांचा हिशेब आलाच. ज्योतिषातील भाकिते बाजूला राहिली. पण घरात सतत चालणाऱ्या त्या आकडेमोडीची गोडी मात्र मुलाला लागली. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला संख्यांची सोबत मिळाली, आणि ती सोबत पुढे आयुष्यभर सुटली नाही. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणिती कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी या महाविद्यालयाचे प्राचार्यपद दीर्घकाळ भूषविले होते. त्यांच्याच नावाने, विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक कापरेकरांना १९२७ साली मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. संशोधनाची पदवी, मार्गदर्शक, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. पदवीनंतर त्यांनी देवळालीच्या शाळेत गणित शिकविण्याची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते त्याच गावी शिकवीत राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. इंग्रजी अमलात मायदेशी परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्या कंटाळवाण्या मुक्कामात डोके फिरलेल्या शिपायांमुळे या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘डूलाली’ असा वेड्या माणसासाठीचा शब्दच इंग्रजी भाषेत रूढ झाला. त्याच गावाचे नाव पुढे गणिताच्या ग्रंथांत सन्मानाने गेले, ते एका शिक्षकामुळे. अर्थात संख्यांचे वेड तेथेही होतेच. मात्र या वेडाने कोणाचे नुकसान झाले नाही.

चाळीसच्या दशकात कापरेकरांना जे गवसले, ते सांगायला दोन वाक्ये पुरतात. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक प्रथम उतरत्या क्रमाने आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत जावे. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या हाती येते आणि त्यानंतर कितीही वेळा क्रिया केली, तरी ६१७४ हेच उत्तर कायम राहते.

कापरेकरांच्या जन्माचे वर्ष १९०५ हेच उदाहरण म्हणून घेता येईल. १, ९, ०, ५ हे अंक उतरत्या क्रमाने ९५१० आणि चढत्या क्रमाने ०१५९ होतात. मग

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

नेमक्या सात पायऱ्या झाल्या. याहून लांबची वाट कोणत्याही चार अंकी संख्येला चालावी लागत नाही. आठवी वजाबाकी करून पाहिली, तरी ७६४१ मधून १४६७ वजा जाऊन पुन्हा ६१७४ च उरतात. उत्तर मध्येच तीन अंकी आले, तर डावीकडे शून्य लिहून ते चार अंकी करावयाचे, एवढे एकच पथ्य आहे. २१११ ही संख्या घेतली तर पहिले उत्तर ९९९ येते; ते ०९९९ असे मांडले, की पुढची वाट मोकळी होते.

प्रथम पाहणाऱ्याला ही जादू वाटते. पण कापरेकर गणिताचे शिक्षक होते, जादूगार नव्हते; आणि या जादूचे कारण आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. समजा, संख्येचे चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे आहेत. उलट क्रमाच्या संख्येत हजाराच्या जागी ड येतो आणि एककाच्या जागी अ. स्थानिक किमती मांडून वजाबाकी केली, की उत्तर मिळते ते ९९९ गुणिले अ आणि ड यांतील फरक, अधिक ९० गुणिले ब आणि क यांतील फरक. म्हणजे चार अंक कोणते होते, याचे महत्त्व पहिल्याच वजाबाकीत संपते. उरतात ते केवळ दोन फरक. पहिला फरक १ पासून ९ पर्यंत कोणताही असू शकतो आणि दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. सगळे अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या, तर चार अंकी संख्या उरतात ८,९९१. एवढ्या साऱ्या संख्या पहिल्याच पावलात ५४ उत्तरांत सामावतात. ही ५४ उत्तरे हाताने तपासून पाहणे हे एका सुट्टीच्या दुपारचे काम आहे. तपासणारा प्रत्येक वेळी ६१७४ वरच येऊन थांबतो.

६१७४ ही संख्याच का, याचेही उत्तर त्याच मांडणीत आहे. तिचे अंक उतरत्या क्रमाने ७, ६, ४, १. सातातून एक गेला, सहा उरले. सहातून चार गेले, दोन उरले. ९९९ ची सहापट ५९९४, ९० ची दुप्पट १८०, आणि दोहोंची बेरीज ६१७४. ही संख्या स्वतःच्याच अंकांतील फरकांतून स्वतःलाच पुन्हा घडविते. चार अंकी संख्यांत असे करणारी दुसरी संख्या नाही. तीन अंकी संख्यांत हा मान ४९५ कडे जातो. दोन अंकी संख्यांत मात्र असे ठाणे सापडत नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्याही एका ठिकाणी स्थिरावत नाहीत, निरनिराळ्या चक्रांत सापडतात. वाट साऱ्या संख्यांना असते, पण मुक्काम साऱ्यांच्या नशिबी नसतो; म्हणून ६१७४ चे मोल.

या संख्येचे आणखीही काही गुण आहेत. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो ३४३, म्हणजे साताचा घन. १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज केली, तरी ६१७४ च मिळतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ असे संस्कृत नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. गणिताच्या परिभाषेत आनंदाला स्थान देणारे असे शब्द फार थोडे आहेत. श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. येथे गुणक आणि गुण्य एकमेकांची उलट रूपे आहेत, हे पाहून संख्याप्रेमी माणसाला हर्ष झाल्यावाचून राहणार नाही.

कापरेकरांचे मन अशा कामात सतत गुंतलेले असे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग पाडून बेरीज केली, की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अशा संख्या आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना आणखी एका संख्यासमूहाची कल्पना सुचली, तेव्हा त्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या त्या वेळच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १११ चा वर्ग १२३२१ ही त्यांतलीच एक. आगगाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या या मास्तरांच्या मनात कोणते आकडे फिरत आहेत, याची कल्पना शेजारच्या उतारूंना कोठून असणार!

त्यांनी ज्यांना गावाचे नाव दिले, त्या देवळाली संख्यांची गोष्ट तर अधिकच मनोरम आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली, की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळविले, की २१. म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० चा जनक शोधू गेले तर सापडत नाही. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून २१. वीस मधल्यामध्ये वगळले जातात. अशा जनक नसलेल्या संख्या म्हणजे देवळाली संख्या, अर्थात स्वयंभू संख्या. शंभरच्या आत त्या १३ आहेत. २०, ३१, ४२, ५३ अशी अकरा-अकराच्या अंतराने शिस्तीत चालणारी ही रांग १०८ पर्यंत पोहोचते आणि पुढचे पाऊल एकदम ११० वर टाकून शिस्त मोडते. या संख्यांवर कापरेकरांनी १९६३ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि ती स्वतःच देवळालीहून प्रसिद्ध केली.

ती स्वतः का प्रसिद्ध करावी लागली, हा त्यांच्या चरित्रातील दुखरा भाग आहे. देशातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाकडे पोरखेळ म्हणून पाहिले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला; पण त्यानंतरही मान्यवर नियतकालिकांची दारे त्यांच्यासाठी फारशी उघडली नाहीत. कधी लहानसहान गणितविषयक मासिकांत, तर कधी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांतून ते आपले निष्कर्ष लोकांपुढे ठेवीत राहिले. मद्रासच्याच रामानुजनांना केंब्रिजमध्ये हार्डी भेटले. देवळालीच्या मास्तरांच्या वाट्याला असा कोणी जाणकार दीर्घकाळ आला नाही.

जाणकारांचा आक्षेप निराधार होता, असेही म्हणता येत नाही. संख्या एक आणि तिचे लेखन दुसरे. आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो, कारण माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत. पाया बदलला, की अंक बदलतात, पण संख्या तीच राहते. मूळ संख्या असणे, सम असणे, वर्ग असणे हे संख्येच्या देहाचे गुण आहेत. अंकांची बेरीज, अंकांचा क्रम हे तिच्या वस्त्राचे गुण झाले. कापरेकरांचे बहुतेक काम या वस्त्राविषयी होते, आणि गंभीर गणित वस्त्रापाशी रेंगाळत नाही, ही त्या काळच्या विद्वानांची धारणा होती. पण वस्त्राचीही वीण असते आणि ती वीण कोठे घट्ट, कोठे सैल आहे हे पाहायलाही तर्कच लागतो. ५४ शक्यतांची सिद्धता ही कोणत्याही मोठ्या सिद्धतेइतकीच नि:संशय आहे. शिवाय एका पायावर दिसलेली गोष्ट दुसऱ्या पायावर दिसेल काय, अंक वाढविले तर चक्रे किती होतील, हे प्रश्न विचारले गेले ते कापरेकरांच्या वजाबाकीमुळेच. आणि ते सोडविण्यात पुढच्या पिढ्यांतील गणितज्ञांनी आपला वेळ खर्ची घातला.

शाळेच्या दृष्टीने पाहिले, तर या कामाचे महत्त्व याहून वेगळे आहे. उच्च गणिताच्या दाराशी पोहोचायला वर्षानुवर्षांची तयारी लागते. कापरेकरांच्या संख्यांचे दार वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला उघडे आहे. संख्यांविषयीच्या स्वतःच्या प्रेमानेच ते विद्यार्थ्यांना गणिताकडे ओढून नेत, अशीच त्यांची ख्याती होती. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानाची बोलावणी येत. गणित परिषदांना ते जात, आपले निबंध वाचीत, आणि परतून पुन्हा देवळालीच्या वर्गात फळ्यापुढे उभे राहत. कोणी हसले म्हणून त्यांनी संख्यांचा नाद सोडला नाही, आणि नाद मोठा म्हणून हातातला खडूही खाली ठेवला नाही.

१९५५ साली अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकाने ६१७४ वरील त्यांचे टिपण छापले. तरीही देवळालीत फारसे काही बदलले नाही. १९६२ साली ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन संसाराला पुरेना, म्हणून उतारवयात गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. आठव्या वर्षी आई गेली तेव्हा जी सोबत होती, तीच साठीनंतरच्या एकटेपणातही त्यांच्यापाशी राहिली. संख्यांवरचे त्यांचे काम या वर्षांतही थांबले नाही.

मग १९७५ चा मार्च महिना आला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात गणिती खेळांचे सदर चालविणारे मार्टिन गार्डनर हे जगातील असंख्य गणितप्रेमी वाचकांचे लाडके लेखक होते. त्या महिन्याच्या सदरात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले. देवळालीच्या घरगुती पुस्तिकांत वर्षानुवर्षे पडून राहिलेले आकडे एकदम साता समुद्रांपार पोहोचले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढे संगणकाचे युग आले, आणि पुन्हा पुन्हा तीच क्रिया करण्याचा हा खेळ जणू त्या यंत्रासाठीच रचला असावा, इतका त्याला शोभून दिसला. आज प्रोग्रॅमिंग शिकणारी मुले सरावासाठी जी उदाहरणे सोडवितात, त्यांत ‘कापरेकर स्थिरांक’ हमखास असतो. ज्यांनी देवळाली कधी नकाशावरही पाहिलेली नाही, ती मुलेही ते नाव उच्चारतात.

कीर्ती आली ती उशिरा, आणि ती आली म्हणून कापरेकरांचे जीवन सफल झाले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. कारण मार्टिन गार्डनर यांचा लेख आला नसता, तरी ६१७४ ही संख्या ६१७४ च राहिली असती, आणि कापरेकरही तीच आकडेमोड करीत राहिले असते. मान्यतेची वाट पाहत त्यांनी काम थांबविले नाही. मान्यता मिळेल म्हणून ते सुरूही केले नव्हते. शाळेत शिकविणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा असा एखादा प्रश्न असावा, तो रोजच्या तासिका आणि वह्यांच्या गठ्ठ्यांतही मनात जागा ठेवावा, आणि त्याचा आनंद वर्गातल्या मुलांपर्यंत पोहोचू द्यावा, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखविले. त्यांच्यासाठी शिकविणे आणि शोधणे ही दोन कामे नव्हती.

१९८६ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे निधन झाले. १, ९, ८, ६ हे अंक घेऊन ९८६१ मधून १६८९ वजा केले, तर ८१७२ येतात. जन्मवर्षापासून निघालेली वाटही दुसऱ्या पावलाला याच ८१७२ शी येऊन मिळाली होती. तेथून पुढचा रस्ता दोन्ही वर्षांचा एकच. यात गूढ काही नाही. पहिल्या पावलाची उत्तरेच ५४, त्यामुळे वाटा एकमेकींना मिळणारच, असे मास्तरांनी लगेच समजावून दिले असते. आणि मग, वर्गातील प्रत्येकाने आपापले जन्मवर्ष वहीत लिहून वजाबाकीला सुरुवात करावी, असेही त्यांनी बहुधा सांगितले असते.